तीन मीटरच्या खोलीत पन्नास मिलिमीटर : कॅननच्या ईएफ ५० एफ/१.८ एसटीएम लेन्सचा सहा वर्षांचा अनुभव

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनंतर दुसरी लेन्स कोणती घ्यावी, असे हौशी छायाचित्रकाराने कोणालाही विचारले की गेली कित्येक वर्षे एकच उत्तर मिळते : ‘फिफ्टी, म्हणजे ५० मिमीची लेन्स, घे, डोळे झाकून घे.’ मलाही तेच मिळाले आणि मी ते निमूटपणे ऐकले. कॅननची ‘ईएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम’ (एफपुढचा आकडा जितका लहान तितके प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठे) ही लेन्स मी सहा वर्षांपूर्वी दहा हजार रुपयांच्या आत विकत घेतली आणि तेव्हापासून घरातले रोजचे प्रसंग, प्रवास आणि माणसांचे चेहरे अशा तिन्ही कामांना ती जुंपली. पहिल्या कामात ती माझ्या मते कमी पडते, दुसऱ्यात अर्धीमुर्धी चालते आणि तिसऱ्यात, या किमतीत तरी, तिला तोड नाही. या तिन्ही निकालांमागचे कारण मात्र एकच आहे, आणि ते काचेच्या दर्जाशी फारसे निगडित नसून ही लेन्स तुम्हाला समोरच्या माणसापासून किती लांब उभे करते याच्याशी आहे.

आधी लेन्सविषयी थोडक्यात. २०१५ च्या मे महिन्यात ती बाजारात जाहीर झाली. तिच्या आधीची आवृत्ती १९९० पासून विकली जात होती. त्या जुन्या आवृत्तीचे वजन १३० ग्रॅम, माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी) प्लास्टिकचे आणि अ‍ॅपर्चरची पाती पाच. नवीन आवृत्तीत माउंट धातूचे झाले, पाती सात आणि किंचित गोलाकार झाली, वजन १६० ग्रॅमवर गेले आणि सर्वांत जवळचे फोकस ४५ सेंटीमीटरवरून ३५ सेंटीमीटरवर आले. आतली मांडणी, म्हणजे पाच गटांतली सहा भिंगे, जुन्याच वळणाची आहे. बदलले ते भिंगांवरचे लेपन आणि फोकसची मोटर. जुन्या लेन्सची मोटर घरघर करत असे, तर या नवीन स्टेपिंग मोटरचा आवाज शांत खोलीत ऐकू येतो खरा, पण झोपलेले मूल त्याने उठत नाही. हे मी पडताळून पाहिले आहे.

आता त्या अंतराविषयी. ५० मिमीची लेन्स माणसाच्या डोळ्यासारखे पाहते असे जे वाक्य वर्षानुवर्षे फिरत आले आहे, ते मुळात ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी किंवा तेवढ्याच फुल फ्रेम सेन्सरसाठी आहे, आणि तिथेही ते ढोबळमानानेच खरे आहे. तुमच्या-माझ्यासारख्या बहुतेक हौशी लोकांच्या हातात जो कॅमेरा असतो त्याचा सेन्सर साधारण २२ मिलिमीटर रुंद असतो; त्यालाच क्रॉप सेन्सर म्हणतात. त्यावर हीच लेन्स फुल फ्रेमवरच्या ८० मिमीइतका अरुंद भाग दाखवते. सांगताना हा फरक आकड्यांचा वाटतो, पण घरात तो भिंतीचा होतो. पुण्यातल्या जुन्या सोसायटीतल्या आमच्या बाहेरच्या खोलीची लांबी दहा फूट, म्हणजे तीन मीटर आहे. एका भिंतीला पाठ टेकवून समोरच्या भिंतीकडे कॅमेरा रोखला की चौकटीत १ मीटर ३४ सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो. सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसलेली दोन माणसे त्यात मावतात, तिसरे माणूस अर्धे कापले जाते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर याच जागेवरून २ मीटर १६ सेंटीमीटर मिळाले असते आणि सगळा सोफा आला असता.

मुलीच्या पाचव्या वाढदिवसाला मला याचा चांगलाच धडा मिळाला. केक मधोमध, भोवती सोसायटीतली दहा-बारा मुले, आणि मी हळूहळू मागे सरकत आधी गॅलरीच्या उंबऱ्यावर आणि मग कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पोहोचलो. त्या दिवसाच्या फोटोंत मुलीच्या गालावर लागलेले क्रीम अप्रतिम आले आहे, पण तिच्या शेजारी कोण उभे होते हे आज कोणालाही सांगता येत नाही. वाढदिवसाच्या फोटोंचे कामच मुळी कोण कोण आले होते हे पुढे सांगणे असते, आणि ते काम त्या दिवशी बायकोच्या मोबाइलने केले. म्हणून घरातल्या रोजच्या प्रसंगांसाठी एखाद्याला छोटी, हलकी प्राइम (झूम नसलेली) लेन्स हवी असेल, तर मी त्याला याच कंपनीची ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम सुचवेन. तिचे वजन १२५ ग्रॅम आहे, ती जेमतेम दोन बोटे जाड आहे आणि तिच्यात तीन मीटरची खोली मावते. प्रकाश तिला कमी मिळतो हे मान्य, पण चौकटीबाहेर राहिलेला माणूस कितीही प्रकाश मिळाला तरी चौकटीत येत नाही.

तरीही घरात फिफ्टी अगदीच निरुपयोगी नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले की आईचे फक्त हात येतात, आणि काही वेळा तेवढेच हवे असते. गणपतीच्या दिवशी उकडीच्या मोदकाला ती कळ्या पाडत होती तेव्हा मी ३५ सेंटीमीटरच्या जवळून, म्हणजे ही लेन्स जितके जवळ जाऊ देते तितके जवळ जाऊन फोटो घेतले. या अंतरावर चौकटीत सुमारे साडेदहा सेंटीमीटर रुंदीचा भाग येतो, एक मोदक आणि त्याला धरलेली बोटे. एफ/१.८ वर स्पष्ट दिसणारा पट्टा इथे जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा असतो. पहिल्या फोटोत एकच कळी चकचकीत होती आणि बाकीचा मोदक धुक्यात गेला होता. एफ/८ वर तो पट्टा एक सेंटीमीटरच्या आसपास गेला, पिठीचा कण न् कण दिसू लागला आणि अंगठ्याला लागलेले तूपही. खिडकी डावीकडे होती, दुपार होती, त्यामुळे एफ/८ परवडले. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली ते जमले नसते.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर एक सूचना करून ठेवतो. मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे शटर स्पीड वाढवण्याचा मोह होतो, पण आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, आणि स्वस्तातल्या एलईडी दिव्यांत हा चढउतार इतका तीव्र असतो की १/२५० सेकंदासारख्या वेगाला फोटोत आडवे काळपट पट्टे उमटतात. घरात मी १/१०० च्या वर जात नाही. या लेन्समध्ये हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा नाही, त्यामुळे १/८० च्या खालीही मी शक्यतो जात नाही. मोकळीक एवढीच उरते, आणि ती पुरते.

लेन्स घेतली त्या दुकानात लेन्ससोबत एक यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची सपाट काच, माझ्या गळ्यात घालण्यात आला. ‘काच जपायची असेल तर हा लागतोच’ असे सांगून दुकानदाराने माझ्या देखत तो ४९ मिलिमीटरच्या आट्यांवर बसवूनही टाकला; नको म्हणायला मला वेळच मिळाला नाही. पहिल्या दिवाळीत मी गॅलरीतून समोरच्या इमारतीचे आकाशकंदील टिपले आणि प्रत्येक फोटोत आकाशात हिरवट ठिपक्यांची एक अधिकची माळ आढळली. बराच वेळ मी लेन्सला दोष देत होतो. मग लक्षात आले की प्रत्येक हिरवा ठिपका हा कुठल्या तरी कंदिलाचा चौकटीच्या मध्यबिंदूपलीकडचा जुळा होता : खाली डावीकडे कंदील असेल तर वर उजवीकडे ठिपका. सेन्सरवरून आणि भिंगांवरून परतलेला प्रकाश फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येत होता. फिल्टर काढला, ठिपके गेले. त्या फिल्टरच्या पैशांत मूळ हूड (लेन्सपुढे बसवायचा आडोसा) आला असता, जो कंपनी लेन्ससोबत देत नाही आणि जो आडव्या प्रकाशापासून आणि धक्क्यापासून दोन्हीपासून खरोखर वाचवतो.

प्रवासाचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. वाईला मी ही एकच लेन्स घेऊन गेलो होतो, मुद्दाम, कारण एकाच प्राइम लेन्सवर दिवस काढला की नजर घडते असे सगळे सांगतात. ढोल्या गणपतीच्या देवळासमोर घाटावर उभे राहिलो तर शिखराचा कळस आला की पायऱ्या जात आणि पायऱ्या आल्या की कळस. १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत, पुराचे पाणी दुभंगून जावे म्हणून, माशाच्या आकाराची केलेली आहे. तो आकार फोटोत समजायचा तर भिंत आणि नदी एकत्र दिसायला हवी. कृष्णेच्या पलीकडच्या काठावर जाऊन उभे राहिल्यावर ती दिसली. पूल ओलांडून जाण्यात अर्धा तास गेला, आणि तिथून मिळालेला फोटो घाटावरून मोबाइलने काढलेल्या फोटोपेक्षा चांगला आहे हे मला प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे, कारण लांबून पाहताना देऊळ मागे कलल्यासारखे न दिसता ताठ उभे दिसते. पण कुटुंबासोबत सहलीला निघालेल्या माणसाला प्रत्येक देवळासाठी अर्धा तास कोण देणार?

मेणवलीला तोही मार्ग उरला नाही. नाना फडणविसांच्या वाड्यामागचा घाट आणि त्यावरची देवळे एकमेकांना इतकी बिलगून आहेत की मागे जायला जागा म्हणजे नदीच. शेवटी कॅमेरा उभा धरून, डावीकडून उजवीकडे सहा फोटो घेऊन, घरी संगणकावर ते जोडले. एफ/८ वर या लेन्सचे कोपरेही इतके स्वच्छ येतात की जोड शोधून सापडत नाहीत. वसईच्या १७३९ च्या मोहिमेनंतर आणली गेली असे मानतात ती पोर्तुगीज घंटा मात्र एकाच चौकटीत नीट बसली, कारण ती छोट्या दगडी देवडीत टांगलेली आहे आणि तिच्यापासून दोन-अडीच मीटरवर उभे राहता येते. प्रवासात ही लेन्स अशीच वागते : ठिकाणे निसटतात, वस्तू आणि माणसे सापडतात. ठिकाणासाठी खिशातला मोबाइल आणि बाकीच्यासाठी ही, अशी वाटणी मी आता करून टाकली आहे आणि किट लेन्स घरी ठेवून निर्धास्तपणे निघतो.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. या लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारी रबरी कडी नाही. ज्येष्ठाच्या अखेरीस पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात त्या दिवशी मी ती प्लास्टिकच्या पिशवीला भोक पाडून, रबर लावून वापरतो. आणखी एक गोष्ट : फोकस करताना हिची पुढची नळी बाहेर येते आणि कॅमेरा बंद केल्यावर ती तशीच बाहेर राहते, फोकसची कडी मोटरवर चालत असल्यामुळे बंद कॅमेऱ्यावर ती फिरवून काही होत नाही. कॅमेरा बंद करण्याआधी लांबच्या कशावर तरी एकदा फोकस केले की नळी आत जाते. मी पहिले वर्षभर हे करत नव्हतो, बाहेर आलेल्या नळीसकट लेन्स पिशवीत कोंबत होतो, आणि तरीही ती वाचली हे माझे नशीब.

तिचे खरे कसब मला पहिल्यांदा कळले ते तांबट आळीत. कसबा पेठेतल्या या आळीत तांब्या-पितळेची भांडी घडवणारी काही घरे अजून काम करतात आणि सकाळी गल्लीच्या तोंडापासूनच हातोड्यांचा ठोका ऐकू येतो. मी एका दारात थांबलो. आत एक वयस्कर कारागीर मांडी घालून बसले होते, समोर रोवलेल्या लोखंडी खुरावर हंडा पालथा घातलेला, आणि त्यावर मठारकाम चालले होते : हातोडीचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला चिकटून, ओळीत, न मोजता. उजेड फक्त दारातून येत होता, म्हणजे जिथे मी उभा होतो तिथून, आणि मी उभा राहिल्याने तोही अडत होता.

“काका, एक-दोन फोटो काढू का?”

“काढा की. उजेडातून बाजूला व्हा फक्त, आणि काम थांबवा म्हणू नका.”

मी चौकटीच्या कडेला सरकलो. हातोडी गोठवायची तर १/५०० चा वेग हवा होता; एफ/२ वर त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० पुरला. माझी किट लेन्स तिच्या लांबच्या टोकाला एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. तिला याच फोटोसाठी आयएसओ १२८०० लागला असता, आणि माझ्या जुन्या कॅमेऱ्यावर त्या आयएसओला तांब्याचा रंग आणि भिंतीचा रंग यांत फरक उरत नाही. इथे फरक उरला. हंड्यावर ठोके पडलेल्या भागात दाराचा प्रकाश शेकडो छोट्या आरशांत विखुरला होता, ठोके न पडलेल्या भागात तोच प्रकाश एका सलग पट्ट्यात वाहत होता, आणि दोन्हींच्या सीमेवर हातोडी हवेत होती. लक्षात ठेवण्यासारखी बाब अशी की मी त्यांच्यापासून दोन मीटरवर होतो. दोन मीटर हे अंतर बोलण्याचे आहे. ओरडावे लागत नाही आणि अंगावर गेल्यासारखेही होत नाही. हंडा किती दिवसांत होतो, पत्रा कुठून येतो, मुलगा काय करतो, हे सगळे मी फोटो घेता घेता विचारत होतो आणि ते हातोडी न थांबवता सांगत होते. मोठ्या झूम लेन्सने रस्त्यापलीकडून हा फोटो कदाचित मिळाला असता, पण मग त्यांना तो माहीतच झाला नसता, आणि परवानगी न घेता लांबून टिपलेल्या कारागिरांचे, भाजीवाल्यांचे, वारकऱ्यांचे फोटो पाहताना मला अलीकडे अवघडल्यासारखे होते.

विकत घेण्याबाबत जे सांगायचे ते इथेच उरकतो. ही लेन्स कॅननच्या ईएफ माउंटची, म्हणजे आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यांसाठीची आहे. नव्या आर मालिकेतल्या मिररलेस कॅमेऱ्यावर ती अ‍ॅडॉप्टर लावून व्यवस्थित चालते, परंतु ज्यांच्याकडे मुळात मिररलेसच आहे त्यांनी २०२० मध्ये आलेली आरएफ ५० मिमी एफ/१.८ एसटीएम घ्यावी. तिचे वजनही १६० ग्रॅमच आहे आणि ती ३० सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. अनेकजण डीएसएलआर सोडून मिररलेसकडे वळत असल्यामुळे ही जुनी फिफ्टी वापरलेल्या मालात पुष्कळ मिळते. तशी घेताना दोन्हीकडची झाकणे काढावीत, मागून मोबाइलचा टॉर्च लावावा आणि पुढून तिरके पाहावे : कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे आणि किंमत कितीही उतरवली तरी ती लेन्स घेऊ नये. मुंबईत आणि कोकणात राहणाऱ्यांनी तर हे विशेष पाहावे, कारण तिथल्या पावसाळी दमटपणात चार महिने कातडी पिशवीत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. मी माझी लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. स्वयंपाकघरातला तो डबा आईने दोनदा परत मागितला आहे.

राहिले ते व्यक्तिचित्रण, ज्यासाठी ही लेन्स घ्यावी. मोबाइलने काढलेल्या जवळच्या फोटोत नाक मोठे का दिसते, याचा दोष लोक मोबाइलच्या भिंगाला देतात, पण दोष अंतराचा असतो. डोक्यापासून छातीपर्यंतचा, म्हणजे साधारण ६० सेंटीमीटर उंचीचा भाग चौकटीत भरायचा असेल तर मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याने सुमारे ४३ सेंटीमीटरवर जावे लागते. नाकाचे टोक आणि कान यांत १२ सेंटीमीटरचे अंतर धरले तर नाक ४३ वर आणि कान ५५ वर, म्हणजे कानाच्या मानाने नाक पावपटीहून जास्त फुगलेले दिसते. या लेन्सने क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तेवढाच भाग घ्यायला सुमारे १ मीटर ३५ सेंटीमीटरवर उभे राहावे लागते. तिथे हाच फरक जेमतेम नऊ टक्क्यांवर येतो आणि चेहरा आपण समोर बसून पाहतो तसा दिसतो. तीन मीटरच्या खोलीत जी लेन्स भिंतीला पाठ टेकायला लावत होती, तीच इथे बरोबर दोन खुर्च्यांच्या अंतरावर आणून बसवते.

एफ/१.८ चा वापर मात्र जपून करावा. त्या १ मीटर ३५ सेंटीमीटरवर स्पष्ट पट्टा फक्त पाच सेंटीमीटरचा असतो. डोळ्यावर फोकस केले तर कान जातात. एफ/४ वर तो ११ सेंटीमीटरच्या आसपास होतो, म्हणजे जवळपास सगळा चेहरा सापडतो. शिवाय एफ/१.८ वर या लेन्सचा फोटो किंचित मऊ, धुवट असतो आणि कॉन्ट्रास्ट कमी असतो, जे मोबाइलच्या पडद्यावर कोणाच्या लक्षात येत नाही, पण बारा बाय अठरा इंची प्रिंट काढली की लगेच येते. एफ/२.८ ला हा मऊपणा गेलेला असतो. माझे बहुतेक चांगले चेहरे एफ/२.८ आणि एफ/४ यांच्या दरम्यान आहेत, आणि ज्या आकड्यासाठी मी लेन्स घेतली तो आकडा मी अंधार असल्याशिवाय लावत नाही. याच किमतीत पार्श्वभूमी इतकी मवाळ करणारे आणि त्वचेचा पोत इतका खरा ठेवणारे दुसरे काही मला माहीत नाही. ८५ मिमी एफ/१.८ अधिक सुंदर आहे, पण ती ४२५ ग्रॅमची आहे, कितीतरी महाग आहे आणि क्रॉप कॅमेऱ्यावर तिच्यासाठी आमच्या घराची भिंत पाडावी लागेल.

आजीचे फोटो मी गेल्या वर्षी साताऱ्याला जाऊन काढले. ती नव्वदीला आली आहे. कॅमेरा पाहिला की ती पूर्वीच्या स्टुडिओतल्यासारखी ताठ होते, हनुवटी वर, हात मांडीवर, श्वास रोखलेला. “थांब रे, पदर नीट घेऊ दे,” म्हणून तिने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला आणि पुतळा झाली. मी कॅमेरा डोळ्याशी धरूनच तिच्याशी बोलत राहिलो. या अंतरावरून ते शक्य होते. आजोबांच्या सायकलचा विषय निघाल्यावर खांदे उतरले. पहिले दहा-बारा फोटो मी उत्साहाच्या भरात ८० सेंटीमीटरवरून एफ/१.८ ला घेतले आणि ते सगळे वाया गेले, कारण तिथे पट्टा पावणेदोन सेंटीमीटरचाच असतो आणि फोकस तिच्या चष्म्याच्या काडीवर लागला होता; चष्म्याची तार कोरल्यासारखी, मागचे डोळे विरघळलेले. मागे सरकलो, एफ/३.५ लावला, फोकसचा एकच बिंदू खिडकीकडच्या डोळ्यावर ठेवला. मग जो फोटो मिळाला तो मी आजवर काढलेला सर्वांत चांगला चेहरा आहे. गालांवरच्या सुरकुत्या खिडकीच्या उजेडात एकेक वेगळी मोजता येते, डोळ्यांत खिडकीचे दोन चौकोन आहेत, आणि मागे सगळे तपकिरी, मऊ, शांत.

मी त्याची मोठी प्रिंट काढून तिला नेऊन दिली. तिने ती हातभर लांब धरली, जवळ आणली, पुन्हा लांब धरली.

“छान आलाय. पण देव्हारा कुठंय?”

“तुझ्या मागंच आहे की आजी, तो धूसर केलाय.”

“का?”

मी अ‍ॅपर्चरविषयी काहीतरी सांगू लागलो. तिने ऐकून घेतले आणि मग म्हणाली की साठ वर्षे ती ज्याच्यासमोर बसली आहे तो दिसत नसेल तर हा फोटो कुठल्याही म्हातारीचा होईल. त्याच दुपारी मी या खेपेला सोबत असलेली किट लेन्स पिशवीतून काढली, १८ मिमीला लावली आणि दारातून एफ/८ वर फोटो घेतला : देव्हारा, त्यातले पितळी देव, समई, भिंतीवरचे कॅलेंडर, पाटावर ताठ बसलेली आजी. साताऱ्याच्या घरात भिंतीवर तो लावलेला आहे. फिफ्टीने काढलेला फोटो माझ्या खोलीत आहे.